दातांनी ऐकलेला चौथा गिअर

काका गिअरबॉक्स दातांनी ऐकत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बारा इंची लाकडी फूटपट्टी घ्यायची. तिचं एक टोक चालू गिअरबॉक्सवर टेकवायचं, दुसरं पुढच्या दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. दोन्ही कानांत फोमचे बोळे आणि वर मोठे इअरमफ. आवाज ऐकायला आलेला माणूस आधी कान बंद करतो हे पाहून नवखे हसत. काका पट्टी तोंडातून काढून सांगत, "कानात सगळी खोली येते. पंखा, एसी, तू. हाडात फक्त गिअर येतो."

पट्टीच्या शून्याकडच्या टोकाला दीड इंचापर्यंत दातांच्या खुणा असत. वर्षभरात ते टोक उंदराने कुरतडल्यासारखं होई. मग नवी पट्टी येई. जुनी ते टाकत नसत. तिच्यावर वर्ष आणि त्या वर्षीच्या बॉक्सचा नंबर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवत. मी रुजू झाले तेव्हा त्या ड्रॉवरमध्ये एकोणीस पट्ट्या होत्या.

अमेरिकेत चँडलरमधला मराठी माणूस कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात असतो, असा एक समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. आम्ही दोघं अपवाद होतो. आमची लॅब ट्रकचे मॅन्युअल गिअरबॉक्स तपासायची. हायवेवरचे लांब पल्ल्याचे ट्रक एव्हाना स्वतःच गिअर बदलू लागले होते. मॅन्युअल उरले होते ते खाणीतून खडी उचलणाऱ्या आणि काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकना. म्हणजे दरवर्षी थोड्या कमी होणाऱ्या वस्तूवर आम्ही काम करत होतो, आणि हे आम्हांला मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकवलं जाई. एकदा गणपतीच्या जेवणात पंगतीतल्या एका तरुणाने विचारलं, "काका, अजून मॅन्युअल? आमच्या इलेक्ट्रिक गाडीला गिअरच नाही."

"आहे," काका म्हणाले. "एकच आहे आणि तोही वाजतो. तुम्ही लोक गाणी लावता."

त्यांचा स्वतःचा पिकअप मॅन्युअल होता, तेवीस वर्षं जुना. मुलगी त्यात बसायची नाही. काकू बसत, पण पर्स मांडीवर घट्ट धरून. काकू गावातल्या लायब्ररीत काम करत. नवऱ्याबद्दल त्या शांतपणे बोलत, हवामान सांगावं तशा. घरात बेल वाजलेली यांना कळत नाही, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार उघडलं की मात्र जेवता जेवता म्हणतात, त्याच्या रोलरचं बेअरिंग गेलंय.

काकांना मी ऑफिसातही काका म्हणे. बाकीचे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही. त्यांनी आक्षेप घेतला होता. "घरी म्हण. इथे काका म्हणशील तर माझं ऐकशील. मला इथे वाद घालणारं माणूस पाहिजे." मी काका म्हणत राहिले आणि वादही घातला. हे दोन्ही एका वेळी करता येतं याचं त्यांना आश्चर्य वाटे.

दिसेल त्या वस्तूचे दात मोजायची त्यांना सवय होती. विमानतळावर सरकत्या जिन्यापाशी ते थांबून राहत आणि मागचे लोक वळसा घालून जात. काकूंचं अंडी फेटायचं हातयंत्र त्यांनी एकदा खिडकीपाशी नेलं, मोठ्या चक्राचे दात मोजले, छोट्याचे मोजले, आणि परत देताना म्हणाले, "सगोत्र आहेत. दहा वर्षांत खडखडेल."

सगोत्र हा त्यांचा शब्द. दोन चक्रांच्या दातांच्या संख्यांना एखादी सामाईक संख्या निःशेष भागत असेल, तर ती जोडी सगोत्र. चाळीस आणि वीस सगोत्र. एकेचाळीस आणि वीस नाहीत, लग्न लावा. कारण त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच टेबलावर दोन कंगवे ठेवून समजावलं होतं. सगोत्र जोडीत छोट्या चक्राचा एक दात फिरून फिरून मोठ्या चक्राच्या त्याच दोन-तीन दातांना भेटतो. त्याच्यात एखादी खोड असली, तर ती त्या दोन-तिघांच्याच नशिबी येते आणि तिथे रुतून बसते. सामाईक भाजक नसेल तर तो दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि खोड सगळ्यांत घासून जिरते. मंडळातल्या एक बाई मुलीसाठी स्थळ पाहत होत्या. पत्रिका जुळतेय, असं त्या कौतुकाने सांगत असताना काका म्हणाले, "आमच्याकडे उलटं असतं. जुळली की बाद." त्या बाईंनी वर्षभर काकूंना फोन केला नाही.

आवाजाला गुण देण्याची आमच्याकडे एक रीत होती. पाच जणांची ज्यूरी. प्रत्येकाने ट्रकमध्ये बसायचं, ड्रायव्हर एकेक गिअर टाकणार, आपण फॉर्मवर एक ते दहापैकी आकडा लिहायचा. आपसांत बोलायचं नाही. सातपासून वर पास. काका एकवीस वर्षं या ज्यूरीत होते आणि आकडा लिहायला त्यांचा जीव जाई. ते वाक्य लिहीत. त्यांचे जुने फॉर्म मी वाचले आहेत. "तिसरा: कोणी दारावर नखाने ओरखडतंय. आत येणार नाही. चालेल." "सहावा: पातेलं घासल्यासारखा. ड्रायव्हर रेडिओ मोठा करील आणि आपल्याला शिव्या देईल." मॅनेजर ओहायोचा होता, सभ्य आणि नियमाला पक्का. वाक्यांची बेरीज करता येत नाही, असं त्याने सांगितल्यावर काका वाक्याखाली बारीक आकडा टाकू लागले. पाच आकड्यांची सरासरी काढली जाई. काका तिच्याकडे पाहतसुद्धा नसत. सरासरी ही खोटं बोलायची सभ्य पद्धत आहे, असं ते म्हणत.

माझं काम गिअरचे रेशो निवडण्याचं होतं. कोणत्या जोडीला किती दात, म्हणजे प्रत्येक गिअरला ट्रक किती जोर लावील आणि किती वेगाने जाईल. कॉलेजात शिकवतात की एका गिअरपासून पुढच्या गिअरपर्यंतच्या पायऱ्या सारख्या हव्यात. जिन्याची एक पायरी उंच आणि एक बुटकी असली तर माणूस अडखळतो. आठ गिअरांचा एक नवा बॉक्स माझ्याकडे आला तेव्हा मी तीन आठवडे स्प्रेडशीटवर बसले आणि सगळ्या पायऱ्या जवळजवळ तंतोतंत सारख्या आणल्या. आलेख सरळ रेषेत होता. चौथ्या गिअरला छत्तीस आणि चोवीस दात आले होते.

छत्तीस आणि चोवीस, दोन्हींना बाराने भाग जातो. हे मला दिसत नव्हतं असं नाही. हल्ली दात मायक्रॉनपर्यंत घासून बनवतात, त्यात खोड राहतेच कुठे, सगोत्रचा नियम जुन्या यंत्रांच्या काळातला, असं मी स्वतःला सांगितलं. सरळ रेष मोडायची नव्हती. त्या महिन्यात काका भारतात गेले होते. ते परत आले तेव्हा ड्रॉइंग मंजूर होऊन नमुन्याचे बॉक्स बनायला गेले होते.

रेशो म्हणजे काय हे मला नंतर कळलं, आणि तेही कागदावर नाही. काकांनी मला आमच्या टेस्ट ड्रायव्हरबरोबर खाणीवर पाठवलं. हे फ्रेस्नोचे पंजाबी, सगळे त्यांना पाजी म्हणजे दादा म्हणत, वीस वर्षं खडीचे ट्रक चालवलेले. काकांना अंकलजी म्हणत, मला मॅडमजी. या ट्रकमध्ये गिअर आपोआप जुळत नाही. क्लच दाबून गिअर सोडवायचा, इंजिनचा वेग उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा क्लच दाबून पुढचा टाकायचा. त्या थांबण्यात ट्रकला जोर मिळत नाही. चढावर भरलेला ट्रक तेवढ्यात मंदावतो आणि पायरी मोठी असेल तर पुढचा गिअर बसतच नाही. काकांनी मला एकच काम दिलं होतं, प्रत्येक बदलाला पाजी किती थांबतात ते घड्याळावर मोजायचं. संध्याकाळी मी आकडे दाखवले. काका म्हणाले, "कागदावर हा रेशो असतो. ट्रकमध्ये हा वाट बघायचा वेळ असतो. वाट कुठे बघायची ते ड्रायव्हरला विचारायचं. एक्सेलला नाही."

त्याच वर्षी कंपनीची श्रवणचाचणी आली. दरवर्षी एक व्हॅन येते. आत काचेची छोटी खोली असते. हेडफोन लावायचा आणि बीप ऐकू आली की बटण दाबायचं. काका नापास झाले. दोन्ही कानांनी वरच्या पट्टीतलं जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, खालच्या पट्टीतलंही कमी. हे एका वर्षात झालं नव्हतं. मला त्यांनी स्वतःच सांगितलं की आधीची दोन वर्षं काचेत नर्सच्या हाताचं प्रतिबिंब दिसायचं, ते बघून त्यांनी बटण दाबलं होतं. या वर्षी खोली नवी होती आणि नर्स पाठमोरी बसत होती.

नियम स्पष्ट होता. चाचणीत नापास झालेला माणूस ज्यूरीत बसू शकत नाही. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, पगार तोच राहील म्हणाला, निवृत्तीला तीन वर्षं आहेत, तोपर्यंत ड्रॉइंग तपासा म्हणाला. काकांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी पट्टी खिशात घातली आणि ते सरळ टेस्टच्या खोलीत गेले. तिथे माझा नवा बॉक्स फिरत होता, नमुना नंबर तीन. पाऊण तास पट्टी दातांत धरून ते उभे राहिले. मग माझ्या टेबलाशी आले.

"चौथा वाईट आहे."

मी म्हटलं, ज्यूरीने चौथ्याला साडेसात दिलेत. काका नसताना बसलेल्या चार जणांत मीही होते, मी सात दिले होते. बॉक्सवर लावलेल्या सेन्सरचा रिपोर्टही स्वच्छ होता. तो मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटा करून बाजूला सरकवला.

"गुरगुरतो. हा बॉक्स प्रॉडक्शनला जाऊ द्यायचा नाही."

प्रॉडक्शनसाठी दात कापायची ऑर्डर बारा दिवसांनी जाणार होती. ती गेली की पुढची दहा वर्षं तीच जोडी. मॅनेजरने काकांचं म्हणणं लेखी मागितलं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. त्याने खाली लिहिलं की निरीक्षकाची श्रवणक्षमता पाहता याची नोंद घेता येत नाही. लॅबमध्ये त्या आठवड्यात कोणी पट्टीची चेष्टा केली नाही, आणि हे चेष्टेपेक्षा वाईट होतं. लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले होते.

काका रोज सकाळी येत, समोर आलेली ड्रॉइंगं तपासत, सही करत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता टेस्टच्या खोलीत जात. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, पट्टी दातांत धरली आणि उजव्या हाताच्या बोटाने टेबलावर ठेका धरला. डाव्या हाताच्या बोटाने ते छोट्या चक्राच्या फेऱ्या दाखवत होते. बॉक्स त्यांनी अगदी सावकाश फिरवायला लावला होता. डावं बोट तीनदा, उजवं एकदा. तीनदा, एकदा. पट्टी काढून त्यांनी विचारलं, "तुझा सेन्सर सरासरी किती फेऱ्यांची काढतो?"

मी म्हटलं, एकेका फेरीची. ही आमची नेहमीची रीत. कॉम्प्युटर छोट्या चक्राच्या प्रत्येक फेरीचा आवाज वेगळा कापतो, शेकडो तुकडे एकावर एक ठेवतो आणि सरासरी काढतो. दर फेरीला जे होतं ते उरतं, बाकीचा गोंगाट पुसला जातो.

"टोला दर फेरीला नाहीये. तिसऱ्या फेरीला आहे. तू त्याला तिघांत वाटून टाकलास."

मी त्याच दुपारी तीन-तीन फेऱ्यांचे तुकडे करून सरासरी काढली. टोला उभा राहिला. एकेका फेरीच्या आलेखात तो मर्यादेच्या खालची एक पुटकुळी होता. इथे मर्यादेच्या दीडपट होता. जोडणीच्या वेळी छोट्या चक्राचा एक दात कशावर तरी आपटून किंचित ठेचला असणार. छत्तीस आणि चोवीस असल्यामुळे तो दात समोरच्या तीनच दातांना भेटत होता आणि त्यातल्या एकाला त्याने खड्डा पाडला होता. ते दोघे भेटले की टोला. दर तिसऱ्या फेरीला. कारखान्यात चक्रं लोखंडी जाळ्यांतून इकडून तिकडे जातात. असे ठेचलेले दात तिथे रोज निघणार होते.

दातांचे आकडे माझे होते, ड्रॉइंगवर नाव माझं होतं. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच महिन्यात जायचा होता आणि त्यावर मॅनेजरची सही लागणार होती. तो गुरुवार होता. आलेख मी सोमवारपर्यंत कोणाला दाखवला नाही. त्या चार दिवसांत मी काय विचार केला ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण विचार फारसा नव्हता. फाइल मी तीनदा उघडली आणि तीनदा बंद केली. शुक्रवारी काकांनी विचारलं, "काढलीस सरासरी?" मी म्हटलं, सेन्सर बिझी आहे. ते "बरं" म्हणाले आणि जेवायच्या सुट्टीत पुन्हा पट्टी घेऊन उभे राहिले.

सोमवारी मी आलेख छापून त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की हा गुरुवारचा आहे. आणि चौथ्याचे दात मी निवडलेत.

"ड्रॉइंगवरचं नाव वाचता येतं मला," काका म्हणाले. "कान गेलेत. डोळे आहेत."

"मग तुम्ही म्हणाला का नाहीत?"

"चूक दातांत आहे. तुझं नाव काढलं असतं तर सगळे तुझ्याकडे बघत बसले असते. दातांकडे कोणी बघितलं नसतं. चल."

आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. त्याने आलेख बराच वेळ पाहिला. मला काही बोलला नाही, नंतरही बोलला नाही. व्हिसाच्या अर्जावर त्याची सही वेळेवर झाली. पण आलेख ही एक गोष्ट आणि ड्रायव्हरचा त्रास ही दुसरी, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते वाजवी होतं. हा टोला ट्रकमध्ये, इंजिनच्या आवाजात जाणवतो हे दाखवा. तोपर्यंत चौथी जोडी थांबवतो, बाकीची ऑर्डर जाईल. त्याने सहा आठवडे दिले.

नव्या जोडीचे आकडे निवडायचे होते. बॉक्सच्या त्याच कवचात बसतील असे दोन पर्याय होते: पस्तीसला चोवीस किंवा सदतीसला चोवीस. स्प्रेडशीटला पस्तीस किंचित जास्त आवडत होतं. काकांनी पाजींना लॅबमध्ये बोलावून खुर्ची दिली आणि हिंदीत विचारलं की दोनपैकी एक पायरी थोडी वाढणार, कुठली चालेल. पाजींनी हात हवेत धरून गिअर टाकल्यासारखा दोनदा फिरवला.

"तीन-चार में नहीं, अंकलजी. खदान से निकलते ही वही तो लगता है. चार-पाँच में थोड़ा रुक लेंगे."

पस्तीसने तीन-चारची पायरी वाढत होती, सदतीसने चार-पाचची. काकांनी सदतीस लिहिलं. माझ्या सरळ रेषेला चौथ्यापाशी बाक आला.

चाचणी सतरा नंबरच्या हायवेवर झाली. ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढे रस्ता सनसेट पॉइंटकडे चढतो. चढ लांब आहे आणि भरलेल्या ट्रकला तिथे लपायला जागा नाही. एकाच बनावटीचे दोन ट्रक, दोन्हींत सारखीच खडी, एकात जुनी जोडी, एकात नवी. मॅनेजर पायथ्याशी नाणं उडवून कोणता ट्रक ते ठरवणार. काकांच्या डोळ्यांवर विमानात झोपायला देतात ती कापडी पट्टी, कानांत बोळे, वर इअरमफ. मॅनेजर त्यांना हाताला धरून ट्रकमध्ये चढवणार. ट्रकसाठी त्यांच्याकडे तीन फुटी पट्टी होती. तिचं टोक गिअर लिव्हरच्या बुडाशी टेकवून ते कमरेतून वाकून बसत. पाजींनी बोलायचं नव्हतं, मी मागच्या छोट्या सीटवर फॉर्म घेऊन बसायचं होतं. चौथ्या गिअरमध्ये चढ सुरू झाला की काकांनी एक बोट दाखवायचं किंवा दोन. एक म्हणजे जुनी, दोन म्हणजे नवी.

पहिल्या दिवशी दहा फेऱ्या झाल्या आणि दहाही बरोबर आल्या. शेवटची फेरी संपल्यावर मॅनेजरने स्वतः त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडवली आणि फॉर्म त्यांच्यासमोर धरला. नवी जोडी मंजूर, तो म्हणाला. आणि ज्यूरीच्या नियमाला अपवाद करता येईल, त्याचं पत्र तो स्वतः लिहील. पाजींनी काकांच्या पाठीवर थाप मारली. मी फॉर्मवर सही करायला पेन काढलं.

काका बोळे काढत होते. एक निघाला, दुसरा अडकला. तोही त्यांनी ओढून काढला. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ही चाचणी रद्द करावी लागेल.

नव्या जोडीत तीन-चारची पायरी छोटी झाली होती. त्यामुळे पाजी तिथे कमी थांबत होते. चौथा लवकर बसला की नवा ट्रक, उशिरा बसला की जुना. दुसऱ्या फेरीनंतर हे आपल्या लक्षात आलं आणि मग पट्टीची गरजच उरली नाही, असं त्यांनी सांगितलं. मॅनेजर म्हणाला की पहिल्या दोन फेऱ्यांत तरी त्यांना हे माहीत नव्हतं. काका म्हणाले की दोन फेऱ्यांवर तर नाणंही बरोबर येतं.

मी मराठीत म्हटलं, "काका, जोडी मंजूर झालीय. तुमची जागा परत मिळतेय. कशाला?"

"कारण मी आवाज ऐकला नाही," ते म्हणाले. "मी घड्याळ ऐकलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा फेऱ्या. या वेळी काकांनी पाजींना सांगून ठेवलं होतं की पायथ्याच्या सपाट रस्त्यावर गिअर बदलताना मनाला येईल तेवढं थांबा, मध्येच न्यूट्रलमधून परत तिसऱ्यात या, मला फसवा. पाजींनी ते मनापासून केलं. काका वाकून बसले होते, पट्टी दातांत, हाताची बोटं मांडीवर सपाट. आदल्या दिवशी उत्तर यायला काही सेकंद लागत होते. आज पूर्ण चढ जाई तरी बोट उचललं जात नव्हतं. सातव्या फेरीनंतर त्यांच्या हिरडीतून थोडं रक्त आलं. रुमालाने पट्टी पुसून ते म्हणाले, चला.

दहापैकी आठ बरोबर आल्या. दोन चुकल्या.

सनसेट पॉइंटच्या विश्रांतीच्या जागेत, पिकनिकच्या टेबलावर मॅनेजरने फॉर्म ठेवला. आठ पुरेसे आहेत, तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा होता, पण त्याने टोपी काढली होती. सदतीसला चोवीस. त्याने सही केली आणि मला तारीख घालायला सांगितलं. अपवादाचं पत्र लिहायलाही तो अजून तयार होता.

काकांनी चुकलेल्या दोन फेऱ्या कोणत्या ते विचारलं. मी सांगितलं. तिसरी आणि नववी. दोन्ही वेळा ट्रक नवा होता आणि त्यांनी जुना म्हणून सांगितलं होतं.

खाली दरीत हायवे दिसत होता, त्यावरून ट्रक चढत होते, आणि इतक्या लांबून त्यांचा आवाज येत नव्हता.

"वाईटाला चांगलं एकदाही म्हटलं नाही," मी म्हटलं.

"चांगल्याला वाईट दोनदा म्हटलं. कोणीतरी दात नीट बनवला आणि मी त्याला नापास केलं. ज्यूरीत बसून हे करायचं नसतं." मग मॅनेजरकडे वळून त्यांनी इंग्रजीत तेच सांगितलं, आणखी थोडक्यात. पत्र नको. ते ड्रॉइंग तपासतील, आणि कुठे काही बिघडलं आहे असा संशय आला तर पट्टी घेऊन शोधायला येतील. शोधणं आणि निवाडा देणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यातलं दुसरं त्यांच्याकडून आता होत नाही.

मॅनेजरने टोपी घातली.

नव्या जोडीला रीतसर गुण द्यायचे राहिले होते. बाकीचे तिघे पुढच्या आठवड्यात देणार होते. पाचवी जागा रिकामी होती आणि माझे गुण त्याच दिवशी घेता येणार होते, ट्रक तिथेच उभा होता. काकांनी फॉर्म उचलला, माझ्या हातात दिला.

"मागच्या वेळी सात दिले होतेस. का?"

मी खरं ते सांगितलं. गुरगुर मला ऐकू आली होती. आलेख स्वच्छ होता म्हणून मी सात लिहिले.

"हं," काका म्हणाले. "आज आलेख नाहीये. जा."

मी ट्रकमध्ये चढले. पुढच्या सीटवर, पाजींच्या शेजारी. काका खाली टेबलापाशीच बसून राहिले. पाजींनी एकदा तिकडे पाहिलं.

"अंकलजी नहीं आएंगे?"

मी म्हटलं, नाही.

आम्ही पायथ्याशी गेलो आणि वळून चढाला लागलो. पाजींनी चौथा टाकला. मी चढ संपेपर्यंत ऐकलं. गुरगुर नव्हती. पण एक बारीक, सलग शीळ होती, आधी नव्हती अशी, आणि ती मी ऐकली नाही असं स्वतःला सांगता येण्याजोगी बारीक होती. तिथे मी सहा लिहिले. माझ्या कानाला बदललेली जोडी सातला एक कमी पडत होती आणि बाकीच्या तिघांचंही तेच म्हणणं पडलं तर तिच्यावर पुन्हा काम करावं लागणार होतं. फॉर्मवर निरीक्षकाच्या जागी माझं नाव घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एक वाक्य लिहिलं.